‘सोमेश्वरला जाऊ’ म्हणून दवाखान्यात नेऊ नकोस

पत्र:

‘सिस्टर, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझी लेक सहा वर्षांची, पहिलीत आहे. गेल्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला आणि ॲडमिट करावं लागलं. शीर सापडत नव्हती. चौघांनी हातपाय धरले, मला बाहेर काढलं, पाचव्यांदा टोचल्यावर कुठे सलाईन लागलं. तेव्हापासून साधा घसा दाखवायला गेलो तरी ती दवाखान्याच्या दारातच अंग टाकून देते. आता टॉन्सिल काढायला सांगितलेत, नाताळच्या सुट्टीत करायचं ठरतंय. आधी रक्त तपासायचं, मग ऑपरेशन. सासूबाई म्हणतात, तिला काही सांगू नका, सोमेश्वरला फिरायला जाऊ म्हणून गाडीत बसवा आणि थेट न्या. हे म्हणतात, सुईचं काय एवढं, आम्ही नाही का टोचून घेतलं, पोरांना इतकं हळवं करायचं नसतं. मला दोन्ही पटत नाही, पण मग करायचं काय तेही कळत नाही. शिवाय जाऊबाईंच्या बाळाला पुढच्या आठवड्यात दीड महिना पूर्ण होतोय, त्याच्या लसी आहेत. एकदम इतक्या सुया बघवत नाहीत, त्यावरही काही असेल तर लिहा. तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या, मला एकेरीच हाक मारा.’

उत्तर:

अगं, आधी सासूबाईंच्या सोमेश्वरचं बघू. डिसेंबरात तिथल्या धबधब्याला बघण्याजोगं पाणी नसतं, ते सोडून दे. पण गाडी दवाखान्याच्या दारात वळली की पोरीला दोन गोष्टी एकदम कळतील: आपल्याला टोचणार आहेत, आणि हे आईला आधीपासून माहीत होतं. पहिली ती सोसेल. दुसरी सोसणं अवघड. पुढे तू खरोखर फिरायला नेत असशील तेव्हाही ती आधी गाडी कुठे वळतेय ते बघेल. मुलांच्या वॉर्डात मी अख्खी नोकरी काढली. फसवून आणलेलं मूल लांबून ओळखू यायचं. बाकीची मुलं सिस्टरच्या हाताकडे बघतात, हे आईच्या तोंडाकडे बघत राहतं.

‘मला बाहेर काढलं’ हे तू घाईत लिहून पुढे गेलीस. माझ्या मते तिची निम्मी भीती तिथे आहे. सुई क्षणाची असते. अनोळखी चौघांनी दाबून धरलंय, हलता येत नाही, ओरडलं तरी कोणी थांबत नाही आणि आई दिसत नाही, हे तिच्या डोक्यात बसलंय. त्या दवाखान्याला मी सरसकट दोष देणार नाही. डेंग्यूत अंगातलं पाणी कमी झालं की शिरा बसतात, आणि सलाईन ताबडतोब लावायचंच असतं. तसल्या घाईत समजावण्याला वेळ नसतो. टॉन्सिलचं तसं नाही. तारीख आपण ठरवतोय, हातात दिवस आहेत, आणि त्या दिवसांत करण्यासारखं पुष्कळ आहे.

आता तुझे यजमान. त्यांना विचार, शेवटचं रक्त कधी तपासून घेतलं? ‘आम्ही नाही का टोचून घेतलं’ म्हणणारे बरेच पुरुष चाळिशीनंतर शुगर तपासायला टाळाटाळ करताना मी पाहिलेत. आणि लहानांच्या दुखण्याला हसण्यावारी नेण्याची चूक घरातल्या माणसांचीच असते असंही नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनी ती केली. १९८०च्या दशकापर्यंत तान्ह्या बाळांना फारसं दुखत नाही, त्यांच्या नसा अजून कच्च्या असतात, असा समज होता. नवजात बाळांची ऑपरेशनं अगदी जुजबी भुलीवर, हालचाल थांबवणारं औषध देऊन होत. इंदूरला डॉक्टरकी शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांना ते खटकलं. हृदयाजवळच्या रक्तवाहिनीच्या ऑपरेशनला आलेल्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. काही बाळांना नेहमीची जुजबी भूल, काहींना त्याच्या जोडीला फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक. ज्यांना वेदनाशामक मिळालं त्यांच्या शरीरावरचा ताण कमी होता, आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही. ते १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं आणि जगभरची पद्धत बदलायला लागली. पुढे १९९७ मध्ये कॅनडातल्या ॲना टॅडिओ यांनी दाखवलं की ज्या बाळांची सुंता बधिर न करता केली होती, ती चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त कळवळतात. म्हणजे ज्याला काही आठवणार नाही असं आपण म्हणतो, त्याचंही अंग विसरत नाही. तुझी लेक तर सहा वर्षांची आहे, तिला सगळं आठवतंय. दुखणं अंगावर काढून पोर घट्ट होत नाही, पुढच्या वेळी जास्त घाबरते. हे त्यांना वाचून दाखव. आणि त्यांना एक काम दे, ते खाली येईल.

तिला सांगायचं कधी? ऑपरेशनच्या चार-पाच दिवस आधी. तीन वर्षांचं मूल असतं तर आदल्या दिवशी म्हटलं असतं, कारण एवढ्या लहानाला आठवडाभर वाट बघणं हीच शिक्षा. सहाव्या वर्षी प्रश्न पडतात आणि प्रश्न विचारायला दिवस लागतात. रक्त तपासणी आधी आहे, म्हणून तिचं वेगळं, एक-दोन दिवस आधी सांग. झोपायच्या वेळी नको, सकाळी किंवा खेळताना. शब्द साधे ठेव: ‘तुझ्या घशात दोन गाठी आहेत ना, ज्यांनी तुला सारखा ताप येतो, त्या डॉक्टर काढणार आहेत. तेव्हा तू औषधाने गाढ झोपलेली असशील, काही कळणार नाही. उठल्यावर घसा दुखेल, त्याचं औषध देऊ. मी तिथेच असेन.’ ‘गाढ झोप’ म्हणताना ‘औषधाची झोप, डॉक्टर उठवतात’ असं जोडून म्हण, नाहीतर रात्री झोपायलाही घाबरणारी मुलं मी पाहिलीत. ‘कापणार’ हा शब्द नको. आणि ‘अजिबात दुखणार नाही’ असं चुकूनही म्हणू नकोस. ती विचारेलच, ‘दुखेल का?’ उत्तर दे: ‘थोडं चिमटल्यासारखं होईल. ते कमी वाटावं म्हणून आपल्याकडे एक क्रीम आहे आणि एक युक्ती आहे.’

भातुकलीतला डॉक्टर सेट असेल तर काढ. दवाखान्यातून बिनसुईची एक सिरिंज मागून आण, कोणी नाही म्हणत नाही. बाहुलीचं रक्त तिला काढू दे, बाहुलीच्या हाताला सलाईनची पट्टी तिला चिकटवू दे. बाहुली रडली तर रडू दे. पहिल्या दिवशी ती बाहुलीला दणादण टोचेल, त्याला हसू नकोस, रागावूही नकोस. एवढं करूनही दवाखान्याचं नाव काढलं की उलटी होत असेल, झोप उडत असेल, तर ऑपरेशनच्या आधी बालमानसोपचारतज्ज्ञाला किंवा मुलांच्या समुपदेशकाला एकदा दाखव. सुईची भीती पायरीपायरीने उतरवता येते.

घरात एक बंदी मात्र आजपासून घाल: ‘जेवली नाहीस तर डॉक्टरकाकांना सांगून सुई टोचायला लावीन.’ तुमच्याकडे हे कोण म्हणतं मला माहीत नाही, पण कोणीतरी म्हणत असणार. वर्षभर सुईची धमकी द्यायची आणि नाताळात ‘काही नसतं गं सुई म्हणजे’ म्हणायचं, हे पोराला कसं पटावं?

आता क्रीम. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन, प्रत्येकी अडीच टक्के, अशी एक मलम मिळते. डॉक्टरांना विचारून, त्यांच्या चिठ्ठीवर घे. किती लावायची तेही त्यांच्याकडूनच लिहून घे, कारण अंगात जास्त शोषली गेली तर त्रास होऊ शकतो, विशेषतः लहान बाळांना. रक्त काढायचं असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला, सलाईनसाठी हाताच्या पाठीवर. चोळायची नाही, जाड थर द्यायचा, वर पारदर्शक चिकटपट्टी लावून झाकायचं आणि निदान एक तास थांबायचं. लोकांचं इथेच चुकतं. रिक्षात बसल्यावर लावतात आणि दहा मिनिटांत ‘क्रीमने काही होत नाही’ म्हणतात. दोन्ही हातांना लावून ठेव, एका हाताची शीर दगा देऊ शकते. जखम किंवा खरूज असेल तिथे लावायची नाही, तोंडात जाऊ द्यायची नाही. त्वचा पांढरट दिसेल, घाबरू नकोस. पुसल्यावर काही मिनिटं गेली की शीर नीट दिसते. तिला आधीच सांग की हात लावलेला कळेल, दाबलेलं कळेल, टोचणं बरंच कमी कळेल. घरीच एकदा बोट लावून तिची तिला परीक्षा करू दे.

नाशिकची डिसेंबरातली सकाळ तुला माहीत आहे. थंडीत गारठलेल्या हाताच्या शिरा आत दडून बसतात. तिला पूर्ण बाह्यांचा स्वेटर घाल, हातमोजे घाल, दवाखान्यात पोचल्यावर तिचे तळहात तुझ्या हातांत धरून ऊब दे. रक्ताची ही तपासणी उपाशीपोटी नसेल तर पाणी भरपूर पाजून ने. शीर पहिल्या फटक्यात सापडण्याइतका मोठा दिलासा दुसरा नाही.

टोचताना तिला टेबलावर आडवी करू देऊ नकोस. आडवं पाडलं की मूल आधीच हरतं. तू खुर्चीवर बस, तिला तुझ्याकडे तोंड करून मांडीवर घे, तिचे पाय तुझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, तिची छाती तुझ्या छातीला टेकलेली. एक हात तुझ्या गळ्यात, दुसरा तुझ्या काखेखालून मागे सिस्टरकडे. सिस्टरला हात मिळतो, पोरीला आई. ही मिठी घट्टच असते, पण मिठी आणि दाबून धरणं यातला फरक तिला बरोबर कळतो. सिस्टरना आधीच नम्रपणे सांग: ‘सिस्टर, हिला मागच्या वेळी फार त्रास झालाय. मी मांडीवर घट्ट धरते, तुम्ही सांगाल तसं. दोनदा नाही जमलं तर जरा थांबू या का, आणि सीनियर सिस्टरना बोलवू या का?’ मी इतकी वर्षं त्या बाजूला होते म्हणून सांगते, अशा आईचा राग येत नाही. राग येतो तो पोराला घट्ट न धरता वरून ‘हळू टोचा हळू टोचा’ करणाऱ्यांचा.

बोलायचं एकाच माणसाने. सिस्टर एक सांगताहेत, आजी मागून ‘शहाणी ना तू’ म्हणताहेत, बाबा ‘झालं झालं’ करताहेत, या कोलाहलात पोर काय ऐकणार? आणि ‘झालं’ तेव्हाच म्हणायचं जेव्हा खरंच झालंय. ‘सॉरी गं बाळा’ नको, त्यातून तिला वाटतं की आपल्यावर काहीतरी वाईट चाललंय आणि आईचंही चालत नाहीये. ‘तो बघ बाळ रडत नाही’ हे तर नकोच. रडू दे. हात न हलवता रडता येतं, एवढीच अट घाल.

युक्ती फुंकरीची आहे. गरम चहावर घालतो तशी लांब, हळू फुंकर. त्यासाठी तिला कागदाची भिंगरी दे, नाहीतर साबणाच्या फुग्यांची बाटली. सुई जाताना फुंकर चालू असली की अंग सैल राहतं आणि लक्षही तिकडे लागतं. घरी चार दिवस सराव कर. भिंगरी धरायची ती बाबांनी, आणि हेच त्यांचं काम: खाली वाकून तिच्या डोळ्यांसमोर भिंगरी धरायची आणि गप्पा मारायच्या. गप्पा प्रश्नांच्या हव्यात, उपदेशाच्या नकोत. रंगपंचमीला रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद, दाखवायला नेलं असेल तर विचारू दे, पाणी कुठल्या रंगाचं होतं, उडी मारल्यावर पाणी किती उंच उडालं, बाबांचा शर्ट कोणी भिजवला? मोबाइलवर कार्टून लावलं तरी माझी हरकत नाही. एरवी मी मोबाइलच्या विरोधात आहे, पण या पाच मिनिटांत मोबाइल औषध आहे.

निवड खरी असेल तिथेच विचार. ‘डावा हात की उजवा?’, ‘बघायचंय की माझ्या खांद्यावर डोकं ठेवायचंय?’, ‘पट्टी तू काढणार की मी?’ हे विचार. ‘रक्त काढू या का?’ विचारू नकोस. ती नाही म्हणाली तर तू काय करणार?

बक्षीस ठरवलं असेल तर ते रडली म्हणून कापायचं नाही. आणि घरी येताना रिक्षातच बोल: ‘तू हात कसा दगडासारखा धरलास! फुंकर किती लांब घातलीस!’ जे तिने खरंच केलं तेच सांग. मुलांची आठवण त्या दिवशी अजून ओली असते, आणि आपण नंतर काय बोलतो यावर ती कशी वाळेल ते ठरतं. आजीला फोन करून तिच्यासमोर ‘काय आकांत केला हिने’ असं रंगवून सांगितलंस, तर पुढच्या वेळी तिला तेवढंच आठवेल.

ऑपरेशनच्या दिवसाचं मुख्य काम आधीच करून ठेवायचं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायचं. त्यांना मागचा सगळा प्रकार सांग आणि तीन गोष्टी विचार. एक, सुई न टोचता आधी मास्कने झोपवून मग सलाईन लावता येईल का? मुलांमध्ये हे नेहमी केलं जातं, पण तिच्यासाठी योग्य आहे का ते तेच ठरवतील. दोन, ती झोपेपर्यंत तुला आत थांबता येईल का? काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. नाही म्हणाले तर आधी थोडं शांत करणारं औषध पाजता येईल का ते विचार. तीन, उपास नेमका किती वाजल्यापासून? साधारणपणे खाणं सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आपल्याकडे धास्तीने पोरांना रात्री आठपासून पाण्याचा थेंब देत नाहीत, मग सकाळी भुकेलं, तहानलेलं मूल रडणार नाही तर काय. घड्याळातली वेळ लिहून घे आणि ती काटेकोर पाळ, लपूनछपून बिस्किट नको.

भुलीतून उठताना काही मुलं वेड्यासारखी रडतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत ते शांत होतं. जवळ बस, कमी बोल.

टॉन्सिलनंतरचा घसा आठ-दहा दिवस दुखतो, कानही ठणकतात. पहिले काही दिवस पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला घड्याळ लावून दे, दुखायची वाट बघू नकोस. डोस वजनावर असतो, किलोला १० ते १५ मिलीग्रॅम. बाटलीवरचा आकडा वाच: एका सिरपमध्ये ५ मिलीलीटरला १२५ मिलीग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. ‘एक चमचा’ म्हणून चालत नाही. घरात जुनं खोकल्याचं औषध पडलं असेल तर ते देऊ नकोस, काहींत कोडीन असतं. टॉन्सिल काढलेल्या मुलांना कोडीन देऊ नये असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्येच दिलाय. मऊ वरणभात, शिरा, गार दूध, आईस्क्रीम चालेल. चिवडा, चकली, टोस्ट लपवून ठेव, नाशिकच्या घरात हे जरा कठीणच. घशात पांढरट थर दिसेल, तो जखम भरतानाचा. लाल ताजं रक्त थुंकली तर मात्र दहाव्या दिवशी असलं तरी रात्र न बघता दवाखाना गाठ.

जाऊबाईंच्या बाळाचं सोपं आहे. दीड महिन्याला पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, आणि सोबतच्या बाकीच्या सुया असतात. टोचायच्या जरा आधी अंगावर घ्यावं आणि टोचताना, नंतरही पाजत राहावं. दूध, ऊब आणि आईचा वास तिन्ही मिळून दुखणं खरोखर कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये लसीकरणासाठी हेच सुचवलंय. सगळ्यात झोंबणारी लस शेवटी द्या असं सिस्टरना म्हणता येतं. आधीच पॅरासिटामॉल पाजून नेऊ नये. आणि रडं थांबवायला बोटावर मध घेऊन कोणी पुढे आलं तर अडवा, वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. सासूबाईंना हे तू सांगायला जाऊ नकोस. लस देणाऱ्या सिस्टरना आधी गाठ आणि त्यांच्या तोंडून सांगव.